ऐकून न घेणाऱ्याचं ऐकायचं का?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनकट्टा भरतो. पंधरा-वीस माणसं, बहुतेक निवृत्त. कट्ट्याचा नियम एकच : सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. गेले काही महिने एक गृहस्थ येऊ लागले. विषय दलित कथेचा असो की प्रवासवर्णनाचा, त्यांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते : अमक्या समाजाच्या लोकांना गावात भाड्याने घरं देऊ नयेत, त्यांच्या दुकानातून काही घेऊ नये. त्या समाजाच्या एक बाई नियमित यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. शेवटी आम्ही गृहस्थांना 'तुम्ही येऊ नका' असं सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे तुमची सहिष्णुता तुमच्या मताच्या माणसांपुरतीच! मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?' आमच्यापैकी एकालाही उत्तर सुचलं नाही. खरंच फरक काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : हा टोला जुना आहे, आणि तो बसतो, कारण तो तर्काचा वेष घालून येतो. 'सगळं सहन करतो म्हणता ना? मग माझं सहन न करणंही सहन करा.' याला हो म्हणावं तर बाई गेल्या त्या गेल्याच. नाही म्हणावं तर आपण खोटे पडलो. बहुतेक सभ्य माणसं इथे अडखळतात आणि समोरचा मजेत चहा पितो.

या कोड्याला ज्याचं नाव चिकटलं तो कार्ल पॉपर. जन्म १९०२, व्हिएन्ना. आईवडील मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले. १९३७ मध्ये तो न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला तत्त्वज्ञान शिकवायला गेला. पुढच्याच मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ती बातमी कळली त्या दिवशीच आपण पुस्तक लिहायचं ठरवलं, असं तो नंतर सांगत असे. 'द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज' हे त्याचं पुस्तक १९४५ मध्ये लंडनला दोन खंडांत निघालं. गंमत अशी की सहिष्णुतेचं हे प्रसिद्ध कोडं पुस्तकाच्या मुख्य मजकुरात नाहीच. पहिल्या खंडाच्या शेवटी टिपांची मोठी रास आहे. तिथे सातव्या प्रकरणाच्या चौथ्या टिपेत, प्लेटोवर बोलता बोलता, ते एका परिच्छेदात येऊन जातं. पॉपरचं बाकी एक पान न वाचलेल्यांनाही आज ही टीप ठाऊक असते, पण अर्धीच.

ठाऊक असलेला अर्धा भाग असा : सहिष्णुतेला मर्यादाच नसेल तर ती स्वतःच नष्ट होते, कारण असहिष्णू माणसं सहिष्णू माणसांना संपवतात. म्हणून असहिष्णूंना सहन न करण्याचा हक्क आपण राखून ठेवला पाहिजे. हे वाचून अनेकांना भलता हुरूप येतो. उरलेल्या अर्ध्या भागात पॉपर ब्रेक लावतो. युक्तिवादाने आणि लोकमताच्या दबावाने ज्यांना आवरता येतं त्यांची तोंडं बंद करणं शहाणपणाचं नाही, असं तो म्हणतो. बळाचा हक्क राखून ठेवायचा तो अशांसाठी, जे युक्तिवादाच्या मैदानात उतरतच नाहीत, अनुयायांना दुसऱ्याचं ऐकूच देत नाहीत आणि मुद्द्याला गुद्द्याने किंवा पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवतात. म्हणजे रेघ मतावर मारलेली नाही, उगारलेल्या हातावर मारलेली आहे.

आता तुमच्या गृहस्थांकडे येऊ. सहिष्णुता हा स्वभावाचा गुण आहे असं धरलं तर त्यांचा टोला बिनतोड आहे. ज्याचा स्वभावच सोसण्याचा, त्याने मध्येच सोसायचं थांबवलं तर तो ढोंगी ठरतो. पण चारचौघांत राहताना सहिष्णुता हा करार असतो. मी तुझ्या वाटेत येत नाही, तू माझ्या येऊ नकोस. बुद्धिबळाचा पट उधळून देणाऱ्याला 'आता माझी खेळी' असं म्हणता येत नाही. जॉन रॉल्सने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये याचे नीट दोन तुकडे केले आहेत, आणि मला त्याची मांडणी पॉपरपेक्षा अधिक कामाची वाटते. असहिष्णू माणसाला आपल्याशी कोणी असहिष्णुतेने वागलं अशी तक्रार करायचा अधिकार नाही, हा पहिला तुकडा. पण त्याला तक्रारीचा अधिकार नाही म्हणून त्याला दडपायचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही, हा दुसरा. तो अधिकार इतरांच्या स्वातंत्र्यावर खरोखर गदा येत असेल तरच मिळतो. गृहस्थांना उत्तर पहिल्या तुकड्यात मिळतं. तुम्हा मंडळींना विचार करायला लावतो तो दुसरा.

फरक काय, हे साध्या भाषेत सांगायचं तर वजनाचा. तुम्ही त्यांना महिन्यातल्या एका संध्याकाळच्या दोन तासांना येऊ नका म्हणालात. त्यांचं घर शाबूत आहे, वाणी त्यांना तेल-साखर देतो, त्यांचं मत मांडायला सगळं गाव मोकळं आहे. ते ज्यांच्याविषयी बोलतात त्यांचं छप्पर आणि गल्ला जावा अशी त्यांची मागणी आहे. दोन्हीला 'असहिष्णुता' हा एकच शिक्का मारला की दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात.

तरी मला तुमचा निर्णय पुरता पटलेला नाही. केवळ मतासाठी मी त्यांना काढलं नसतं. कट्ट्यावर त्यांच्या मताची चिरफाड करणारं कोणी नव्हतं का? मात्र त्यांच्यामुळे एक सभासद यायची थांबली, ते मत नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे, आणि त्यासाठी 'इथे असं चालणार नाही' असं पहिल्याच शनिवारी सांगायला हवं होतं. आणखी एक. त्या बाईंना परत बोलवायला कोणी गेलं का? तुमच्या पत्रात गृहस्थांच्या हक्कांची चर्चा दोन पानं आहे, बाईंबद्दल एक वाक्य आहे. सहिष्णुतेवरच्या बहुतेक चर्चा अशाच होतात. सोसणारी व्यक्ती खोलीबाहेर असते आणि आत तत्त्वचर्चा रंगलेली असते.

कट्ट्यावर कोणीतरी हेही म्हणालं असणारच, की जर्मनी अति सहिष्णुतेमुळे बुडाली, म्हणून अशांना वेळीच ठेचावं. हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की ते तपासायचं कोणाला सुचत नाही. ते तपासायला एमिल गम्बेल हा माणूस उपयोगी पडतो. सांगलीकरांना त्याचं नाव सिव्हिल इंजिनिअर मंडळींकडून ऐकायला मिळेल. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा असेल याचा अंदाज बांधायची जी पद्धत शिकवतात, ती याच गम्बेलच्या गणितावर उभी आहे. पण पुरांच्या आधी त्याने खून मोजले होते. १९२२ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं, पहिल्या महायुद्धानंतरच्या चार वर्षांत जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांचा हिशेब. उजव्या गटांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांच्या २२ पैकी ४ खुनांना शिक्षा झाली नाही आणि दहा जणांना देहदंड झाला. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खून शिक्षेविना सुटले, देहदंड एकालाही नाही. कायदा एकच, खुर्चीवरचे न्यायाधीश तेच.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, हिटलरने म्युनिकमध्ये सरकार उलथायचा प्रयत्न केला. त्यात चार पोलीस मेले. शिक्षा पाच वर्षांची, आणि डिसेंबर १९२४ मध्ये स्वारी बाहेर. तो तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूद कायद्यात होती. जो जर्मन माणसासारखा विचार करतो आणि ज्याच्या भावना जर्मन आहेत त्याला ती लावू नये, असं न्यायालयाने ठरवलं. बाहेर आल्यावर मग सरकारला जाग आली आणि त्याच्या जाहीर भाषणांवर बंदी घातली गेली. बव्हेरियात ती १९२७ पर्यंत होती, प्रशियात १९२८ पर्यंत. त्याच्या नाझी पक्षाने तोंडावर पट्टी बांधलेल्या हिटलरची भित्तिपत्रकं छापली आणि त्याला हुतात्मा करून टाकलं.

म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाने हात मोकळा सोडला आणि तोंडाला बूच मारलं. बरोबर उलटं करायला हवं होतं, असं माझं मत आहे. एवढ्यावरून सगळा इतिहास समजला असं मात्र नाही. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं होती, १९३० मध्ये १८.३ टक्के. या दोन वर्षांत न्यायाधीश बदलले नव्हते, मंदी आली होती. गम्बेलचं काय झालं? १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातली नोकरी गेली, आणि ऑगस्ट १९३३ मध्ये नाझींनी ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं त्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं.

आता 'त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका' याबद्दल. हे वाक्य मत कुठवर आणि कृती कुठून? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कोकणात गावकीने एखादं घर वाळीत टाकलं की काय होतं ते रायगडकडच्या वाचकांना सांगायला नको. कोणी मारत नाही, कोणी शिवी देत नाही. दुकानदार मीठ देत नाही. पालखी दारावरून पुढे जाते. मयत झालं तर तिरडीला चार खांदे मिळत नाहीत. जात पंचायतीत दंड भरा, माफी मागा, मग जातीत घेऊ. प्रत्येक शेजारी स्वतंत्रपणे विचारला तर म्हणेल, 'मी कोणाशी बोलावं हा माझा प्रश्न आहे,' आणि एकट्यापुरतं ते खरंही आहे. सगळ्या गावाने ठरवून तसं केलं की त्याच मौनाचा फास होतो.

मुंबई राज्याने १९४९ मध्येच समाजबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी, त्याला आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता : पंथात कोण राहील आणि कोण नाही हे ठरवता आलं नाही तर पंथ टिकणार कसा? १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द केला. धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी सांभाळण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २६ व्या कलमाने दिलं आहे, आणि बहिष्कार हा त्याचा भाग ठरतो, असं बहुमत म्हणालं. एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणूस नुसता प्रार्थनेला मुकत नाही, त्याचे नागरी हक्कही जातात, त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा जाते, आणि कायदा त्या प्रतिष्ठेसाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या कट्ट्यावरचं कोडं इथे खऱ्या वजनासह उभं आहे. राज्याने पंथाला सहन करायचं, की पंथाने ज्याला सहन केलं नाही त्या माणसाचा हात धरायचा? मला सिन्हांचं पटतं. प्रश्न अजून बंद झालेला नाही. १९८६ मध्ये पुन्हा याचिका झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांकडे सोपवली.

मधल्या काळात महाराष्ट्राने दुसऱ्या दिशेने वाट काढली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये नाशिकपासून जात पंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचण्यासारखी आहे ती त्यातली कृत्यांची यादी : लग्नात, अंत्यविधीत अडवणं, देणंघेणं तोडायला लावणं, शाळा, दवाखाना, सभागृह, स्मशान वापरू न देणं, विशिष्ट पोशाखाची सक्ती करणं. मनात काय आहे हे कुठेच विचारलेलं नाही. तुम्हाला शेजारी आवडत नसेल तर नावडू दे, त्याला पाणी भरू द्या.

पण तुमच्या गृहस्थांना हा कायदा लागू होत नाही, कारण तो आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे. ते ज्यांच्याविषयी बोलतात तो समाज अनुसूचित जाती-जमातींतला असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणं आणि त्याची धमकी देणं हा गुन्हा झाला आहे. इतर समाजांच्या बाबतीत द्वेष पसरवण्याचं कलम आहे, आणि त्याचा वापर कसा होतो ते पुढच्या उत्तरात येतंच आहे. कट्ट्यावर बडबडणं वेगळं आणि दुकानांची यादी करून दारोदार फिरणं वेगळं. दुसरं सुरू झालं तर मला पत्र लिहू नका, पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : जर्मनीत नाझींच्या वाटेवर चालणाऱ्या पक्षावर बंदी येऊ शकते, अमेरिकेत त्यांना मोर्चा काढू देतात. दोघांपैकी शहाणं कोण? — कायद्याची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोघांनीही आपापल्या जखमेवर औषध शोधलं आहे. दुसऱ्याचं औषध घेताना आधी आपली जखम पाहावी.

पश्चिम जर्मनीने १९४९ च्या घटनेत लिहूनच ठेवलं, की लोकशाही व्यवस्था उलथू पाहणारा पक्ष घटनाबाह्य ठरवता येईल, मात्र ते ठरवायचं संघराज्याच्या घटनात्मक न्यायालयाने, सरकारने नव्हे. १९५२ मध्ये नाझींचा वारसा सांगणारा एक पक्ष गेला, १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्ष. त्यानंतर हे शस्त्र म्यानातच राहिलं. एनपीडी या अतिउजव्या पक्षावरचा पहिला खटला २००३ मध्ये फसला, कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारचे खबरे निघाले. पक्ष बोलतोय की गुप्तचर खातं, हेच कळेना! २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, उद्दिष्ट घटनाविरोधी आहे, पण ते गाठण्याइतकी यांची ताकद नाही, म्हणून बंदी नाही. मला हा निकाल आवडतो, आणि त्यातली अडचणही दिसते. दुबळा असताना बंदीची गरज नाही, बलवान झाल्यावर बंदी घालायची कोणाची टाप?

अमेरिकेचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण स्कोकीचं. शिकागोला लागून असलेलं हे गाव. १९७७ मध्ये वस्ती सुमारे ७० हजार, निम्म्याहून अधिक ज्यू, आणि त्यांत छळछावण्यांतून वाचून आलेली हजारो माणसं. फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाच्या मूठभर नाझी पक्षाला तिथेच, स्वस्तिकाच्या पट्ट्या लावून, मिरवायचं होतं. गावाने नियम केले, त्यात साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अट होती. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने नाझींचं वकीलपत्र घेतलं. संघटनेचा प्रमुख आर्ये नायर स्वतः बर्लिनमध्ये ज्यू घरात जन्मलेला, लहानपणीच देशोधडीला लागलेला. वकील डेव्हिड गोल्डबर्गर, तोही ज्यू. संघटनेच्या हजारो सभासदांनी वर्गणी बंद केली. न्यायालयांत नाझी जिंकले आणि मग स्कोकीला गेलेच नाहीत. १९७८ मध्ये शिकागोत दोनदा जमले. जेमतेम दोन डझन डोकी होती, त्यांच्यासमोर हजारोंचा विरोधी जमाव आणि मध्ये पोलीस.

पुढचं कमी सांगितलं जातं. तोवर आपल्या मुलांनाही काही न सांगितलेली ती वाचलेली माणसं बोलू लागली. १९८१ मध्ये त्यांनी स्कोकीतच एका दुकानवजा गाळ्यात संस्था थाटली. १९९० मध्ये इलिनॉय राज्याने ज्यूंच्या संहाराचा इतिहास शाळांत सक्तीचा केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. २००९ मध्ये गावात मोठं संग्रहालय उभं राहिलं. यावरून 'बघा, बोलू दिलं की भलंच होतं' असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. त्या दीड वर्षात रात्री कोणाला झोप लागली नाही, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नाही. आणि मोर्चेकऱ्यांनी हात उचलला असता तर पोलीस तो धरणार याची तिथे खात्री होती. ती खात्री नसेल तिथे अमेरिकेचं उदाहरण देऊ नये.

आपल्याकडे दोन्हींचं मिश्रण आहे, आणि ते फारसं बरं झालेलं नाही. समाजगटांत वैर पसरवणं, धार्मिक भावना दुखावणं यासाठी कलमं आहेत. पूर्वीची १५३अ आणि २९५अ, भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९. पण भावना दुखावल्या की नाही हे ज्याच्या दुखावल्या तोच सांगणार, आणि जो जास्त आरडाओरडा करील त्याच्या जास्त दुखावल्या असं धरलं जाणार. शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकातल्या मजकुराने लोक संतापले, तो संताप खरा होता. ५ जानेवारी २००४ ला जमावाने पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून मोडतोड केली. लेखकाने ऋणनिर्देशात आभार मानले, एवढाच त्या संस्थेचा संबंध. त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली आणि वैर पसरवल्याचा गुन्हा लेखक-प्रकाशकांवर दाखल झाला. तो २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बंदी त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. असहिष्णुता रोखायला केलेलं कलम इथे कोणाच्या दिशेने वळलं ते पाहा. तुम्ही उद्या वकिली कराल तेव्हा अशी फिर्याद घेऊन कोणी आलं, तर आधी विचारा : अशिलाला काय ऐकावं लागलं, आणि त्याचं काय करणं बंद पडलं?

प्रश्न : नाझींनी पुस्तकं जाळली ती असहिष्णुता, मग महाडला मनुस्मृती जाळली ती काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्नात खोच आहे, पण प्रश्न योग्य आहे.

१० मे १९३३ ला बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या गावांत पुस्तकं जाळली, तेव्हा सरकार जाळणाऱ्यांच्या बाजूने होतं. ज्यांची पुस्तकं जळली ते लेखक तुरुंगात होते, देश सोडून पळत होते, किंवा यापुढे जर्मनीत एक ओळ छापू शकणार नव्हते. वाचनालयांतून प्रती काढून नेल्या होत्या. लेखक, वाचक आणि पुस्तक, तिघांनाही संपवायचं होतं.

महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जमलेल्यांच्या हाती काय होतं? मंडपाला जागा मिळेना, शेवटी ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. नऊ महिन्यांपूर्वी, २० मार्चला, चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून यांची डोकी फुटली होती. गर्दीत लष्करातून निवृत्त झालेले गडी होते, उलटून मारणं त्यांना अवघड नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरलं. मग तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. जे तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता! अशा लोकांनी, ज्या ग्रंथाचा आधार घेऊन हे सगळं त्यांच्यावर लादलं जात होतं, त्याची एक प्रत जाळली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. टीका झाली तेव्हा आंबेडकरांनी आपल्या 'बहिष्कृत भारत' या पत्रातून विदेशी कापडाच्या होळीची आठवण करून दिली. मनुस्मृतीवर बंदी घाला, छापणाऱ्याला तुरुंगात टाका, वाचणाऱ्याला वाळीत टाका, असं तिथे कोणी म्हणालं नाही. ग्रंथ आजही अप्पा बळवंत चौकात मागितला की मिळतो.

आणखी एक गोष्ट त्याच परिषदेतली. तळ्यावर पुन्हा जायचं ठरलं होतं. पण तळं खाजगी आहे असा दावा करून सनातनी मंडळींनी १४ डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. परिषदेला जमलेली हजारो माणसं तळ्याकडे निघायला तयार होती. बरीच चर्चा झाली आणि आंबेडकरांनी सत्याग्रह पुढे ढकलला. तळ्याला फेरी घालून मोर्चा परत आला, पाण्याला कोणी हात लावला नाही. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.